अंटार्क्टिकाला निघण्याआधी कोळवण

९ डिसेंबर २००७, रविवार. कोळवणच्या घराच्या ओट्यावर बसून मी बुटांत अडकलेली कुसळं चिमट्याने काढत होते. अंटार्क्टिकाच्या बोटीवर चढण्याआधी प्रवाशांचे बूट, पिशव्या, खिसे तपासतात. बाहेरचं बी किंवा माती तिथे गेलेली चालत नाही. पुण्याहून बूट धुऊनच निघाले होते, पण तेच घालून बांधावरून चालत आले आणि कुसळं शिवणींत शिरली.

कोळवणला मी आदल्या दिवशी पोचले होते. पौडपर्यंत एसटी, पुढे जीप. जीपवाल्याने विचारलं, "फार्महाऊसवाल्या का?"

"नाही. दिरांकडे चाललेय. ओढ्याजवळचं घर."

"त्ये आजारी सायेब? हायेत अजून?"

"काल तरी होते," मी म्हटलं. बाकीचे प्रवासी बाहेर बघू लागले.

भात काढून झालं होतं. खाचरांत नुसती धसकटं (कापणीनंतर उरलेले बुडखे), त्यांत मेंढरं. शहरवाल्यांचे बंगले कुलपं लावून उभे. ओढ्यात पाणी कमी आणि वास जास्त.

भाऊजी म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ. माझा नवरा गेला, यांची बायकोही गेली, मूलबाळ नाही. पोटाच्या कॅन्सरवर आता काही करण्यासारखं नाही म्हणून हॉस्पिटलने घरी पाठवलं होतं. शेजारच्या हिराबाई त्यांचं सगळं करत. त्यांची मेंढरं भाऊजींच्याच पडीक रानात बसत. बोटीतली जागा मी दोन वर्षांपूर्वी घेतली होती. तेव्हा भाऊजी रोज टेकडी चढून येत.

रविवारी दुपारी हिराबाईंनी धरणातल्या मासळीचं कालवण केलं. भाऊजींसाठी तांदळाची पेज होती, पण त्यांनी कालवणाचा रस्सा मागितला. दोन घास पोटात राहिले, तिसऱ्याला सगळं बाहेर आलं. मी चादर बदलली.

"तिकडे आता रात्र की दिवस?" त्यांनी विचारलं.

"उन्हाळा आहे. सूर्य मावळत नाही."

"आणि फोन?"

"बोटीवर लागत नाही म्हणे."

"मग बरं. कळल्याशिवाय सुतक नाही. तुझी सहल नासायची नाही." ते हसले. हसण्याने पोटात कळ आली. ती ओसरल्यावर भिंतीकडे बघत म्हणाले, "थांबतेस का? फार दिवस लागणार नाहीत."

मी सरळ सांगितलं, "नाही थांबणार, भाऊजी. पुन्हा जाणं होणार नाही माझं." त्यांनी मान हलवली. त्या दिवशी मग आम्ही कामापुरतंच बोललो.

सोमवारी दिवेलागणीला त्यांनी मला बोलावलं. "देव्हाऱ्यातला गडू आण."

गंगेचं पाणी भरून तोंड झाळून बंद केलेला तांब्याचा छोटा गडू. घराघरांत असतो, आणि माणूस शेवटच्या घटकेला आलं की फोडतात. काशीहून दोन आणले होते. एक जाऊबाईंच्या वेळी फोडला.

"वेळ येईल तेव्हा तू नसशील. आजच पाज."

हिराबाई दारातून पुढे आल्या. "जित्या माणसाला गंगा पाजत्यात व्हय? गडू फोडला की मानूस ऱ्हात न्हाई."

"राहायचंय कोणाला?"

"तुमास्नी न्हाई. पर उद्यापास्नं हितं मी एकली हाय, मला भ्या वाटतंय. येळ आली की मी पाजीन की."

"तू पाजशील गं. पण घरचं माणूस लागतं."

हिराबाई पेजेचं भांडं उचलून मागच्या दाराने गेल्या.

मला गडू उघडता येईना. शेवटी स्क्रू ड्रायव्हरने झाळ उचकटली. आत पाणी अर्ध्याहून कमी, त्याला तांब्याचा वास. तुळशीच्या पानाने त्यांच्या तोंडात थेंब थेंब सोडलं. त्यांनी डोळे मिटले, हात छातीवर घेतले. मी गडू हातात धरून बसले. बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "कूस बदलून दे. पाठ दुखतेय."

मंगळवारी सकाळी चहा केला. भाऊजींनी बशीतून थोडा घेतला, साखर कमी पडली म्हणाले. मी घातली. पाया पडले तेव्हा ते म्हणाले, "जीप चुकेल."

गडूत घोटभर पाणी उरलं होतं. त्याच्या तोंडात कापसाचा बोळा घालून तो हिराबाईंच्या झापावर (राहत्या झोपडीवर) घेऊन गेले. त्या वाघरीतून (जाळीच्या कुंपणातून) मेंढरं बाहेर सोडत होत्या.

"ह्यो मला कशापायी? मी काय घरची न्हाई."

"घरचं कोणीच नसणार तेव्हा, हिराबाई."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. हात लुगड्याला पुसले, गडू घेतला आणि आत ठेवून आल्या. मग म्हणाल्या, "जावा आता." मी पिशवी उचलून रस्त्याला लागले. पौडची जीप भरत आली होती.