गच्चीवरचा काळा कागद

कारखान्यांच्या या शहरात हवा तपासायचं एक यंत्र आमच्या गच्चीवर बसवलंय. त्यातला पांढरा कागद बदलायला येणाऱ्या मुलीने आज तो चिमट्याने उचलला, तेव्हा तो काळा पडला होता.

"यातलं काय कुठून आलं, ते कळतं?" मी विचारलं.

"कळतं ना, काका. कोळसा, डिझेल, लाकडाचा धूर, सगळं वेगवेगळं ओळखता येतं."

"लाकडाचा धूर कसला?"

"चुलींचा. आणखी कसला असणार?"

काल नदीकाठी आईला अग्नी दिला, तेव्हा वारा आमच्या घराकडेच वाहत होता. खालच्या खोलीत दिव्याजवळ पसरलेल्या पिठावर तिचं पाऊल उमटलंय का, ते सकाळपासून सगळे वाकून वाकून बघतायत. पीठ कोरंच आहे.

मुलीने कागद डबीत ठेवून झाकण लावलं.

म्हणजे गेल्यावरही आई चुलीपाशीच.