घास कापून होईपर्यंत

आठ-नऊ वर्षांनी ब्लॉग उघडायला बसले तर पासवर्ड आठवेना. अंदाजाने टाकून पाहिले, सगळे चुकले. शेवटी मोबाईलवर आलेला आकडा टाकून कशीबशी आत शिरले तेव्हा माझीच शेवटची नोंद समोर आली. दुष्काळ, टँकर आणि आमच्या बिल्डिंगमधल्या बायकांची पाण्यावरून भांडणं. तिच्याखाली एकच प्रतिक्रिया होती, तीही कुणीतरी स्वतःच्या जाहिरातीसाठी टाकलेली. एवढ्या वर्षांत माझी वाट बघणारं तिथं कुणी नव्हतं, हे पाहून जरा लागलंच.

तरीही लिहायला बसले, कारण दुसरं काही सुचत नव्हतं. आई नगर जिल्ह्यातल्या बेलापूरजवळ वस्तीवर एकटी राहते. वस्ती म्हणजे दोन खोल्या, पत्र्याचा गोठा, दोन गाई आणि तिन्ही बाजूंनी डोक्याच्या वर गेलेला ऊस. त्या उसात बिबट्या आला होता. आधी लोक म्हणाले तरस असेल, मग ओल्या वाफ्यात पंजे उमटलेले दिसले, मग पलीकडच्या वस्तीवरची कालवड गेली. तेव्हापासून माझ्या जिवाला स्वस्थता नव्हती. नगरच्या नागापूर भागातल्या एका वर्कशॉपच्या ऑफिसात मी बिलं करते. बिल करता करता मध्येच मोबाईल काढून बिबट्याची बातमी शोधायची, ही सवयच लागली. बातमी नसली तरी चैन पडायचं नाही आणि असली तर हातातलं काम तसंच राहायचं.

आईला म्हटलं, नगरला ये, ऊस तुटेपर्यंत तरी ये. "आन् गाई?" एवढंच ती म्हणाली. गाई विकून टाकू म्हटलं तर पुढचे दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही. पुण्याचा भाऊ फॅमिली ग्रुपवर बिबट्यापासून कसं वाचायचं याचे व्हिडिओ टाकायचा आणि कामाला लागायचा. वहिनी अंगठा दाखवायची. मावशी त्याच्याखाली गुलाबाच्या फुलासकट सुप्रभात पाठवायची. आमच्या घरची काळजी अशी ग्रुपवर फिरत होती आणि आई गोठ्यात एकटी धारा काढत होती. मला सगळ्यांचाच राग यायचा. स्वतःचाही यायचा, कारण सकाळ-संध्याकाळ फोन करून "जपून राहा गं" म्हणण्यापलीकडे मी तरी काय करत होते? तो राग कुठेतरी काढायला हवा होता. नवऱ्यावर काढून झाला होता, म्हणून मग ब्लॉग.

पहिली नोंद शहराच्या नव्या नावावर लिहिली. आमच्या लेटरहेडवर अहिल्यानगर आलं, एसटीच्या पाट्या बदलल्या, जुने रबरी शिक्के ड्रॉवरच्या तळाशी गेले. वर्कशॉपमध्ये या बाजूने आणि त्या बाजूने हिरिरीने भांडणारी मंडळी होती, डबा खातानाही भांडायची. सुटी झाली की हीच मंडळी "नगर, नगर" ओरडणाऱ्या एकाच रिक्षात मांडीला मांडी लावून बसायची. मी तेवढंच लिहिलं आणि कोणाची बाजू घेतली नाही. घाबरले म्हणा हवं तर.

दुसरी नोंद पिंजऱ्याची होती. बिबट्यासाठी पिंजरा मागवायचा म्हणून गावात ग्रामसभा झाली, तिचा वृत्तांत आईने फोनवर सांगितला. पिंजरा सगळ्यांना हवा होता, पण आपल्या बांधावर कुणालाच नको होता. पिंजऱ्यात शेळी बांधणार, शेळीच्या वासाने बिबट्या नेमका आमच्याच दारात येणार, असं प्रत्येकाचं म्हणणं. शेळी कुणी द्यायची यावर तर तासभर खल झाला. आमचे एक चुलते आहेत, त्यांची वस्ती आईच्या बांधाला लागूनच आहे. ते सगळ्यांत मोठ्या आवाजात पिंजरा मागत होते आणि तुमच्या रानात लावू का विचारल्यावर चहा प्यायला उठून गेले. मी हे सगळं मीठमसाला लावून लिहिलं. वाचणार तरी कोण होतं?

मग एकदा आईने विचारलं, "हल्ली काय लिहीत बसती म्हनं तू? जावई सांगत हुते. मला न्हाई व्हय वाचून दाखवायचं?" तिचं एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं ऊस तुटल्यावर करू म्हणते, त्यामुळे मोबाईलवरची अक्षरं तिला दिसत नाहीत. मी दोन्ही नोंदी मोठ्याने वाचून, आवाज रेकॉर्ड करून पाठवल्या. दुसऱ्या दिवशी तिचा निरोप आला, "आवाज लई खणखणीत येतो तुझा. अजून हाय का?"

मी फुलले, खोटं कशाला सांगू. अख्ख्या जगात एक वाचक मिळाली, तीही मागून घेणारी. मग काय, कांद्याच्या भावावर लिहिलं, निवडणुकीत घरोघरी हात जोडत फिरणाऱ्यांवर लिहिलं, बारावीतल्या माझ्या मुलीच्या कानातून कधीच न निघणाऱ्या इअरफोनवर लिहिलं. ऑफिसातून आले की आधी लिहायचं, मग स्वयंपाकघरात उभं राहून वाचून रेकॉर्ड करायचं. मध्ये कुकरची शिट्टी झाली तरी तशीच पाठवायची. नवरा म्हणाला, तुझ्यापेक्षा कुकरच नेमकं बोलतो. त्याच्यावरही एक नोंद लिहिली.

पण याच दिवसांत आई माझा सकाळचा फोन कट करायला लागली. धारा झाल्या की ती गाईंसाठी लसूणघास कापायला जाते. घासाचे वाफे उसाला अगदी चिकटून आहेत. नेमक्या त्याच वेळी मला राहवायचं नाही, मी फोन लावायचे आणि दोन-चार रिंग वाजतात तोच ती कट करायची. तासाभराने स्वतः फोन करून म्हणायची, "कामात हुते." तो एक तास मी कसा काढायचे ते माझं मला माहीत. गॅसवर दूध ठेवून गॅलरीत जायचे, दूध उतू गेल्यावर आत यायचे. एका सकाळी तर मी तिला लागोपाठ फोन लावत सुटले. ती कट करत राहिली, आणि शेवटी फोन लागेनासाच झाला. मी चुलत्यांना फोन लावला.

"हाय की, घास कापतीया. इथनं दिसती मला," ते म्हणाले. माझा जीव भांड्यात पडतोय तोवर त्यांचा आवाज बदलला. "पन तुला एक इचारायचं हुतं. मी च्या प्यायला उठून गेलो म्हनं?"

मी गारच पडले. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोन कशाला सांगंल? रोज सकाळी तूच सांगती की. आमची सगळी वस्ती ऐकतीया."

त्या शनिवारी अर्धी रजा टाकली आणि संध्याकाळपर्यंत वस्तीवर पोचले. आईला काही विचारलं नाही. सकाळी जाग आली तर तिचं अंथरूण रिकामं होतं आणि घासाच्या वाफ्यांकडून कुणाच्या तरी बोलण्याचा आवाज येत होता. चपला कशाबशा पायात अडकवून मी तिकडे पळाले. बांधावर शेवग्याचं झाड आहे, त्याच्या फांदीला बाजाराची पिशवी टांगली होती. पिशवीतून माझाच आवाज येत होता, पूर्ण मोठ्या आवाजात, थेट उसाच्या दिशेने. चुलते चहा प्यायला उठत होते. मागे आमच्या कुकरची शिट्टी झाली. आणि आई उसाकडे पाठ करून, खाली बसून, विळ्याने सपासप घास कापत होती.

"हे काय चाललंय?" मी म्हटलं.

"मानसाचा आवाज असला की ते लांब ऱ्हातं," आई मान वर न करता म्हणाली. "फॉरेस्टवाले सांगून गेलेत, बोलत ऱ्हावा, गानी लावा. आता एकटी मी बोलू कुनाशी? गानी लावली, पर दोन दिसांत कान किटले. मग तुजं लावलं."

मला आधी अपमान वाटला, हे सांगायलाच हवं. मी इतकी जीव तोडून लिहीत होते आणि ते बिबट्याला ऐकवलं जात होतं. मग हसू आलं. पण दारातून पळत येतानाची धडधड अजून छातीत होती, ती हसण्याने जाईना. मी चिडूनच विचारलं, "आणि माझा फोन का कट करतेस? इकडे माझा जीव जायची वेळ येते."

"तू फोन केला की तुजं बोलनं बंद पडतं." आईने घासाची पेंढी बाजूला ठेवली. "मग सगळं गपगार. तवाच भ्या वाटतं."

एवढ्या सगळ्या दिवसांत भीती वाटते हे ती पहिल्यांदा बोलली. कालवड गेली तेव्हा बोलली नव्हती, पंजे दिसले तेव्हा बोलली नव्हती. मी मात्र रोज नेमक्या त्याच वेळी फोन करून तिच्याभोवतीचा आवाज बंद पाडत होते. मला रडू आवरेना. ती म्हणाली, "रडती कशाला, जा, च्या ठेव." मी गेले नाही, तिथेच बांधावर बसून राहिले.

पिशवीतलं माझं बोलणं एकेक करून पुढे सरकत होतं. पिंजरा झाला, कांदा झाला, इअरफोन झाले, नवरा झाला. नवऱ्याची नोंद संपली आणि पुढे काही लागलंच नाही. उसाची पानं एकमेकांना घासल्याचा आवाज तेवढा राहिला. अजून दीड वाफा उभा होता. आईचा विळा थांबला. तिने मान वळवून उसाकडे एकदा बघून घेतलं, मग माझ्याकडे बघितलं.

"एवढंच हाय व्हय?" ती म्हणाली. "जरा लांब लिहीत जा गं. घास कापून व्हायच्या आत सरतंय."

मी उठले, तिच्या आणि उसाच्या मध्ये जाऊन उभी राहिले आणि तोंडाला येईल ते मोठमोठ्याने बोलायला लागले. भावाचे व्हिडिओ, मावशीचे गुलाब, वर्कशॉपमधली भांडणं, काहीही. मागे आईचा विळा पुन्हा चालू झाला.