भोकरवस्तीची जागा

साहेबांनी नकाशावरच्या माझ्या खुणेवर लाल पेन्सिलीनं फुली मारली. म्हणाले, "ओव्हरसिअर, इथं माणूसच राहत नाही. विहीर कुणासाठी मागताय?"

मी चाटच पडलो. चाकणच्या पलीकडे माळावर ही भोकरवस्ती. तिला ग्रामपंचायत नाही, नकाशात नाव नाही. शेजारच्या मोठ्या गावाच्या हद्दीतली दहा-बारा घरं, बस्स. बायका लांब भामा नदीवरून डोक्यावर पाणी आणायच्या. म्हणून तर मी विहिरीची जागा आखून आलो होतो, वर चहा पिऊन! पण साहेब स्वतः साइट व्हिजिटला, म्हणजे जागेवर पाहणीला गेले, तर दारांना कड्या, कुठं धूर नाही, कुत्रंसुद्धा नाही. शेरा पडला : ओसाड. विहीर आता दुसऱ्या गावाला जाणार होती.

माझं टाळकंच सरकलं. सायकल काढली आणि तडक वस्ती गाठली. वस्ती गजबजलेली! तिथली कारभारीण गऊबाई. सत्तरीची म्हातारी. मी तिच्यावरच डाफरलो, की साहेब आले तेव्हा होता कुठं सगळे? तिनं सांगितलं ते असं. वर्षातून एक दिवस वस्ती देवीसाठी मोकळी सोडायची. घरात चूल पेटवायची नाही. माणसं, गुरं, कुत्री, सगळ्यांनी ओढ्यापलीकडे जायचं, तिथंच रांधायचं, तिथंच जेवायचं. साहेब नेमके त्याच दिवशी टपकले होते. विहीर जाणार म्हटल्यावर मात्र म्हातारीचा चेहरा उतरला.

साहेबांना हे पटेना. रिकामी घरं बघायला पुन्हा जीप काढणार नाही, म्हणाले. मी वस्तीला तसा निरोप धाडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसच्या आवारात अख्खी भोकरवस्ती हजर! कडेवरच्या पोरांसकट, दोन शेळ्यांसकट. शेळ्या थेट साहेबांच्या फुलझाडांत शिरल्या. मला हसू आवरेना आणि साहेबांची धास्तीही वाटत होती.

साहेब बाहेर आले. सगळ्यांकडे नीट पाहून म्हणाले, "मग आत्ता वस्तीत कोण आहे?"

"कुनी न्हाई," गऊबाई म्हणाली.

"म्हणजे आजही ओसाडच की."

"व्हय. म्हनून तर तुमाला न्यायला आलोय, सायेब. आमी घरला पोचल्याबिगर वस्ती दिसायची न्हाई."

साहेब खो खो हसले. जीप निघाली. पुढं साहेबांशेजारी गऊबाई, मागं मी आणि शेळ्या. बाकीची वस्ती पायी येईस्तोवर साहेब माळावर दगडावर बसून राहिले.

फुली खोडली गेली. विहीर झाली, पाणीही गोड लागलं. मला फार बरं वाटलं.

साइट व्हिजिटची तारीख साहेबानं जरूर ठरवावी. फक्त आधी गावातल्या एखाद्या म्हातारीची परवानगी घ्यावी.