कुजबुजताईंनी गोळी निवडली

आमच्या नाटक मंडळीत प्रॉम्प्टिंग करणाऱ्या, म्हणजे नट अडकला की विंगेतून हळूच ओळ पुरवणाऱ्या बाईंना सगळे कुजबुजताई म्हणत. विंगेतल्या तिपाईवर संहिता मांडीवर घेऊन त्या बसत, पण नजर असे नटाच्या छातीवर. मुद्दाम थांबलेला नट श्वास धरून ठेवतो आणि विसरलेल्याचा श्वास सुटतो, असं त्यांचं निरीक्षण. तेवढ्या फरकावर आमची अब्रू टिकून होती.

मग ताईंना पॅनिकचे झटके येऊ लागले. बसल्या जागी छाती धडधडे, हातांना मुंग्या येत, आता आपण मरणार अशी खात्रीच पटे. हृदयाच्या तपासण्या सगळ्या चांगल्या आल्या. मनोविकारतज्ज्ञ बाईंनी दोन औषधं समजावून सांगितली. एक रोज घ्यायचं. गुण यायला काही आठवडे लागतात, आणि सुरुवातीला अस्वस्थता वाढूही शकते. दुसरं झटपट, पण त्याने गुंगी येते, फार दिवस घेतलं तर सवय लागते.

"झटपटच घे," ताईंचे यजमान म्हणाले. "प्रयोग काय तुझ्यासाठी थांबणारेत?"

"आणि गुंगीत मला श्वासच दिसला नाही तर?"

डॉक्टरीणबाईंनी त्या झटपट औषधाची पहिली गोळी घरीच घेऊन बघायला सांगितलं होतं. ताईंनी त्या दिवशी मला बोलावून घेतलं. "तुमच्या जुन्या नाटकातलं काहीतरी म्हणा. अर्धवट आठवणारं."

"ताई, सगळंच अर्धवट आठवतं आता!"

"मग उत्तमच."

त्यांच्या खाटेसमोर उभा राहून मी सुरुवात केली. एका जागी मुद्दाम थांबलो, ताई गप्प. शाबास! पुढे खरोखरच अडकलो, ताई गप्पच. मी खाकरलो, डोळे मोठे केले, हात हवेत तसाच धरला. ताई प्रसन्न चेहऱ्याने बघत राहिल्या. शेवटी यजमानांनी घाईघाईने एक वाक्य पुरवलं, तेही भलत्याच अंकातलं.

"कसं वाटतंय ताई?" मी विचारलं.

"फार छान. तुम्ही बुडत होतात ना? तेही छानच वाटलं." मग त्यांनी गोळ्यांचं पाकीट बाजूला सारलं. "ही गोळी माझ्या कामाची नाही हो."

डॉक्टरीणबाईंशी बोलून त्यांनी रोजचं औषध अगदी लहान मात्रेत सुरू केलं. तेवढे दिवस विंगेत यजमान बसले. त्यांची कुजबूज बाल्कनीत बसलेल्यांनाही पाठ झाली. इकडे ताईंचे पहिले दिवस वाईट गेले. पण फोनवर त्या उत्साहाने सांगत, "आज जास्तच थरथरले. बाई म्हणाल्या होत्या तसंच! आता पुढे काय होतं ते बघू या." मला हसूही यायचं आणि काळजीही वाटायची.

काही आठवड्यांनी ताई तिपाईवर परतल्या. त्या प्रयोगात मी दोनदा अडकलो आणि दोन्ही वेळा प्रेक्षकांना कळायच्या आत मला ओळ मिळाली. पडदा पडल्यावर यजमान धावत विंगेत आले.

"काही झालं नाही ना गं?"

"झालं की. धडधड सुरू झाली होती. मी तिला म्हटलं, बस इथेच, मला काम आहे. थोडा वेळ बसली आणि गेली."

"कधी?"

"यांचं ते लांबलचक भाषण चालू होतं ना, तेव्हा," ताई माझ्याकडे बघत म्हणाल्या. "कंटाळली असेल बिचारी."