तीस सेंटीमीटरची पट्टी

माझ्या आत्याला तलावावर सगळे पट्टीबाई म्हणतात. अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हणायची छाती कोणाची नाही, माझीही नाही.

तलावाच्या फाटकाशी एक खोली आहे, तिला एक खिडकी आहे, आणि त्या खिडकीत आत्या बावीस वर्षं बसते. हौसेने गळ टाकणाऱ्यांना परवाने देणं आणि घरी न्यायचा प्रत्येक मासा मोजणं, हे तिचं काम. तोंडापासून शेपटीच्या टोकापर्यंत तीस सेंटीमीटर भरला तर न्या, नाहीतर परत पाण्यात. मी चाळिशीचा घोडा, रक्ताचा भाचा, तरी मला रांगेतूनच यावं लागतं. एकदा परवाना घरी विसरलो तर तिने मला फाटकातूनच परत पाठवलं होतं.

पण सल्ला मात्र ती हातचं न राखता देते. "थंडीत पहाटे येऊन कुडकुडू नका, मासे खोल बसलेले असतात, ऊन चढल्यावर या. उन्हाळ्यात दुपारी घरी झोपा. मासा धरण्याआधी हात ओले करा, कोरड्या हाताने त्याची खवलं जातात. आणि विणीचे तीन महिने इकडे फिरकू नका, पोटात अंडी असतात." नवशिक्यांना हे ती इतक्या वेळा सांगते की रांगेतले जुने लोक तिच्याबरोबर पुटपुटतात.

गेल्या हंगामाच्या शेवटी मास्तर एक मासा घेऊन आले. मास्तर म्हणजे अर्ध्या गावाला गणित शिकवून निवृत्त झालेला माणूस. गळ टाकून बसणं एवढी एकच चैन. मासा बादलीतच मेला होता, आणि पट्टीवर भरला साडेएकोणतीस.

"बाई, मी काठावर मोजलाय. तीस आहे," मास्तर म्हणाले.

"पट्टी समोर आहे, मास्तर. बघा."

त्यांनी शेपटीशी डोळे नेऊन बघितलं. साडेएकोणतीसच. छोटा मासा मेलेला सापडला तर परवाना रद्द, असा नियम आहे. आत्याने तो रद्द केला आणि खिडकीशेजारच्या फळ्यावर मास्तरांचं नाव लिहिलं. लोकांना काय, आयतं खाद्य. गणिताच्या मास्तरांना मोजता येत नाही, असं जो तो हसून सांगू लागला. मास्तरांनी बाजारात येणंच कमी केलं.

मग विणीची बंदी सुरू झाली. या दिवसांत आत्या खोली झाडते, पट्टी घासते, आकडे पुन्हा रंगवते. मी सहज गेलो होतो. रेघा सरळ याव्यात म्हणून तिने शाळेतली फूटपट्टी शेजारी ठेवली, आणि तिचा ब्रश थांबला.

मोजायची पट्टी म्हणजे लांब लाकडी फळी. तिच्या एका टोकाला आडवा ठोकळा असतो, त्याला माशाचं तोंड टेकवायचं. जुना ठोकळा कुजला म्हणून सुताराने हंगामाच्या मध्यात नवा ठोकला होता. तो पातळ निघाला. त्यामुळे तोंड शून्याच्या अर्धा सेंटीमीटर मागे टेकत होतं आणि प्रत्येक मासा तेवढाच कमी भरत होता.

"भांडण कायम शेपटीशी व्हायचं रे," आत्या मटकन खाली बसत म्हणाली. "तोंडाकडे मी बघितलंच नाही."

तिने वही काढली. ठोकळा बदलल्यापासून तीन परवाने रद्द झाले होते. दोन मासे चांगले बोटबोटभर आखूड होते. तिसरा मास्तरांचा.

तिच्या वरच्या साहेबांना तिने त्याच दिवशी सांगितलं. साहेब म्हणाले, "ठोकळा बदला आणि विषय संपवा. कोणाला कळणार आहे?"

"साहेब, पिशवीत छोटा मासा लपवणारेही मला हेच म्हणतात," आत्या म्हणाली आणि ती चार हात लांब फळी काखोटीला मारून भर दुपारी रस्त्याने निघाली. मी मागोमाग. "मी धरू का?" म्हटलं तर म्हणाली, "चूक माझी आहे, ओझंही माझंच."

दार मास्तरांच्या बायकोने उघडलं. आत्याने फळी टेबलावर ठेवली, फूटपट्टी लावून दाखवली आणि म्हणाली, "मास्तर, तुमचा मासा तीसचा होता. मी चुकले."

मास्तरांनी फूटपट्टी उचलून ठोकळ्याशी स्वतः पुन्हा लावून बघितली. मग म्हणाले, "लोक हसले त्याचं काही नाही, बाई. पण हीसुद्धा म्हणाली, पट्टीबाई चुकायच्या नाहीत, तुम्हीच चुकला असाल."

काकूंनी पदर डोळ्यांना लावला. दुसऱ्या दिवशी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं: मास्तरांचा मासा तीसचा होता. पट्टी चुकीची होती. ती तपासणं माझं काम होतं. खाली तिची सही. मास्तरांचा परवानाही तिने परत दिला.

हंगाम उघडला त्या सकाळी खिडकीपुढे ही रांग. काही जण मासेमारीला कमी, गंमत बघायला जास्त आले होते. नऊच्या सुमाराला मास्तर बादली घेऊन आले. मासा जिवंत होता. आत्याने फळी ओली केली, हात ओले केले, तोंड ठोकळ्याला टेकलंय का ते वाकून बघितलं, मग शेपटी बघितली. खरं सांगतो, मी मनात म्हणत होतो, आत्या, आज सोड गं, तीस म्हणून टाक.

"दोन रेघा कमी आहे, मास्तर," आत्या म्हणाली.

मागून कोणीतरी खवचटपणे विचारलं, "पट्टी तपासलीय ना, बाई?"

मास्तर गर्रकन वळले. "बाईंनी कमी सांगितला म्हणजे कमीच आहे," ते वर्गात बोलायचे त्या आवाजात म्हणाले आणि बादली उचलून मासा सोडायला पाण्याकडे चालू लागले.

"ती माझी सख्खी आत्या आहे," मी शेजारच्या माणसाला म्हणालो. त्याने काही विचारलं नव्हतं.