गिरणेचा तो कटला माझ्या वहीत नाही

ग्रुपवर नानांच्या हातातला कटला मासा बघून मला अभिनंदनाचे मेसेज येत आहेत. पाठवू नका. तो माझा विक्रम नाही.

आज सकाळी गिरणा नदीच्या डोहात तो माझ्या गळाला लागला. वीस मिनिटं मी त्याला खेळवत होते. रीळ मुद्दाम सैल ठेवलं होतं, म्हणजे मासा पळून दमतो आणि दोरी तुटत नाही. तो काठापासून दहा फुटांवर आला तेव्हा थोड्या अंतरावर बसलेले नाना धावत आले.

"सोड ताई, तुले झेपाव नही!"

"नाना, हात लावू नका," मी दोनदा म्हणाले. त्यांनी रॉड हिसकावला आणि मासा बाहेर ओढला.

ओल्या पिशवीचं वजन वजा करून कटला सात किलो दोनशे भरला. माझा आजवरचा सर्वांत मोठा मासा सहा किलो चारशेचा. दोन वर्षं मी तो आकडा मोडायला बघतेय.

"मासा ते तुनाच शे ना!" मासा माझाच आहे म्हणत नाना तो स्वतःच हातात धरून फोटोसाठी उभे राहिले.

दुसऱ्याने ओढलेला मासा मी मोजत नाही. हा नियम मीच केलाय आणि सोयीनुसार बदलत नाही. कटला पाण्यात सोडला. वहीत अजूनही सहा किलो चारशेच आहे.

नाना, तुमच्या पलीकडे आपल्याच ग्रुपमधले तीन पुरुष बसले होते. त्यांतल्या एकाचा मासा तुमच्या डोळ्यांसमोर दोरी तोडून गेला. त्याचा रॉड का नाही हिसकावलात? इथेच, सगळ्यांसमोर लिहा.