ग्राफपेपरवरचं भुयार

असे किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. चार माणसं वर्षानुवर्षं एका खोलीत बसली, वरचेवर वीज जायला लागली, की ते आपोआप साठतात. आता सांगायचाही कंटाळा येतो, पण कुणी विचारलं की सांगतो.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला सोलापुरातल्या एका चादरीच्या कारखान्यात आम्ही डिझाईन खात्यात होतो. ग्राफपेपरवर एकेक घर रंगवायचं. त्यावरून रशीदभाई पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडायचे आणि त्या पट्ट्या मागावर चढायच्या. एक घर चुकलं तर ती चूक प्रत्येक चादरीत उमटायची.

आमचे प्रमुख नरसय्या मास्तर. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढत होता आणि ऑपरेशनचं नाव काढलं की ते घाबरून विषय बदलायचे. मालकांना कळलं असतं तर मास्तरांची खुर्ची गेली असती. म्हणून ते तोंडी सांगायचे आणि घरं आम्ही भरायचो.

अशात अमेरिकेत शिकणाऱ्या माझ्या चुलतभावाचं पत्र आलं. त्यांच्या कॉलेजच्या कॉम्प्युटरवर म्हणे एक खेळ होता. पडद्यावर अक्षरांनी काढलेलं भुयार, त्यात आपण उतरायचं, आणि खोल्या दर डावाला नव्या. कॉम्प्युटर आम्ही फोटोतही धड पाहिला नव्हता. पण ग्राफपेपर भरपूर होता. फासे टाकून मी एकेकाचं भुयार काढत जायचं आणि बाकीच्यांनी जेवणाच्या सुट्टीत त्यात फिरायचं, असं ठरलं.

*

आमच्यातला चौथा, कुंभारीहून सायकलवर येणारा दत्तू, पहिल्याच दिवशी तिसऱ्या खोलीत मेला.

"उठीव की परत," तो म्हणाला.

"नाही. मेला की मेला. पहिल्यापासून सुरू, आणि भुयारही नवं."

"आन् मिळवलेली तलवार?"

"गेली."

दत्तूनं डब्याचं झाकण लावलं. "मी मॅट्रिकला तीनदा बसलोय. तितं बी पास झालेल्या विषयाला सूट देत्यात की!"

*

भुयारात बाटल्या सापडायच्या. निळी, लाल, पिवळी. औषध कुठलं आणि विष कुठलं, ते प्यायल्याशिवाय कळायचं नाही, आणि नव्या डावात रंग पुन्हा बदलायचे. रशीदभाई दिसली बाटली की तोंडाला लावायचे. एका आठवड्यात चार वेळा मेले.

"रशीदभाई, जरा विचार करून प्या," मी म्हणालो.

"क्या सोचना? आठ साल से पेट दुखता मेरा. दवाखाने में लाल पानी देते, पीला पानी देते. कबी कोई बोला क्या, उसमें क्या है?"



*

मास्तर मात्र मरत नव्हते. या खेळात आपण पाऊल टाकलं नाही तर समोरचाही हलत नाही. शनिवारी त्यांच्यापुढे राक्षस आला. ते विचार करत बसले आणि सुट्टी संपली. सोमवारी पुन्हा विचार.

"राक्षस काय करतोय?" त्यांनी विचारलं.

"उभा आहे, मास्तर. शनिवारपासून."

"असू दे. त्याला बी इसावा पायजे."

मंगळवारी ते मागं फिरून दुसऱ्या दारानं गेले. कागदाकडे ते बघायचेच नाहीत. किती घरं चाललो, दार कुठल्या अंगाला, हे मला विचारून पाठ करायचे. असे अडीच महिने ते एकाच भुयारात जिवंत होते.

"तुम्हाला हा खेळ बरा जमला," मी एकदा म्हणालो.

"हितं पुढचं कुणालाच दिसत न्हाय की," मास्तर म्हणाले. "सगळे माझ्यासारखेच."



*

मग एका दुपारी मालक अचानक आत आले. मास्तरांच्या डोळ्यांबद्दल कुणीतरी त्यांचे कान भरले असावेत. टेबलावर मास्तरांच्या भुयाराचा कागद उघडाच होता. त्यांनी तो उचलला.

"हे काय?"

"मास्तरांची नवी डिझाईन," मी घाबरून बोलून गेलो. आपण काय करून बसलो ते मला बोलल्यावर कळलं.

मालकांनी कागद मास्तरांपुढे ठेवला. वरची बाजू खाली, असा उलटा. "वाचा की, मास्तर."

आम्हा तिघांनाही ते दिसलं. पण मालक समोर उभे, बोलणार कोण?

मास्तरांनी कागदावर बोट टेकवलं. "डाव्या अंगाला नऊ घरांची खोली. तितून दोन घरांचं दार. मग चौदा घरं सरळ वाट, तितून उजवीकडं..."

एक घर चुकलं नाही. फक्त ते तोंडानं खोली म्हणायचे तेव्हा बोट कोऱ्या जागेवर असायचं. मालक त्या बोटाकडे बघत होते. सगळ्या खोल्या त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतल्या.

"एक कोपरा कोरा सोडलाय," ते म्हणाले.

"तितं अजून गेलोच न्हाय, मालक. भ्या वाटतंय."

मालकांनी कागद हळूच फिरवून सरळ केला.

"जाऊन या," ते म्हणाले. "खुर्ची हितंच ऱ्हाईल."